ताईंच्या खिडकीतल्या सात कुंड्या



गेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये आम्ही दोघं सहा आठवडे लंडनला जाऊन राहिलो. राजवाडा पाहिला, मोठं घड्याळ पाहिलं, थेम्स नदीवरचा उघडणारा पूलही पाहिला. पण या सगळ्याची वर्णनं तुम्ही पुष्कळदा वाचली असतील. म्हणून आज लिहायचं आहे ते एका फुलाविषयी. फूल तसं लहानसंच, त्याचं नाव व्हायोलेट.

मुलांनो, आजी-आजोबांना इंद्रधनुष्याचे रंग विचारा. ते लगेच म्हणतील, ‘तानापिहिनिपाजा’. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शेवटचा जो ‘जा’, तोच या फुलाचा रंग. तुम्ही शाळेत याला ‘सिगालित’ म्हणता. सिगाल किंवा सिगालित नावाची एखादी मुलगी तुमच्या ओळखीत असेलच. आपल्या कोकणात परसदारी हे फूल कोणी लावत नव्हतं. तरीसुद्धा ते आपल्या घरात येत होतं. कसं, ते पुढे सांगतो.

आमच्या ताई १९६४ साली मुंबईहून लंडनला नर्सिंगसाठी गेल्या आणि तिथेच स्थायिक झाल्या. आम्ही १९७१ साली इकडे इस्राएलला आलो. एका घरातली माणसं दोन देशांत गेली. भेटी थोड्या, पत्रं पुष्कळ. ताईंच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ ठरलेली असायची, ती त्यांच्या खिडकीतल्या कुंड्यांची. स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत त्यांनी आफ्रिकन व्हायोलेटच्या सात कुंड्या ठेवल्या होत्या. जांभळी, गुलाबी, पांढरी आणि एक पांढऱ्यावर निळ्या कडेची. घरात मराठी बोलायला कोणी नसलं की त्या कुंड्यांशी मराठीत बोलायच्या, असं भाची हसून सांगायची.

ताई गेल्या. वर्ष होत आलं तेव्हा भाचीचा फोन आला, “मामा-मामी, आईला जाऊन वर्ष होतंय, तुम्ही दोघं या.” म्हणून गेलो.

घरात पाऊल टाकलं आणि आधी खिडकीकडे नजर गेली. सात कुंड्या होत्या, पण सहांमध्ये नुसती काळी ओली माती. सातव्या कुंडीत एक झाड मान टाकून पडलेलं. भाचीची मुलगी, वय वर्षं नऊ, आमच्या मागे येऊन उभी राहिली. तिचं मराठी मोडकंतोडकं आहे, पण आजीच्या सहवासानं बोलते. ती म्हणाली, “मी रोज पाणी दिलं. एक पण दिवस विसरले नाही. तरी ते मेले.” मग जरा थांबून, “मी मारले का?”

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? नाही म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं, आणि मुलांना खोटं लगेच कळतं. कारण झाडं मेली होती ती रोजच्या पाण्यानंच. भाची रिकाम्या कुंड्या टाकून द्यायला निघाली होती, तर या पोरीनं टाकू दिल्या नव्हत्या. रिकाम्या मातीलाही पाणी घालणं चालूच होतं.

आम्ही तिला आधी आमचीच गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी शेजारणीनं आम्हाला असंच एक झाड दिलं होतं. फुलझाड म्हणजे उन्हात ठेवायचं, असं समजून आम्ही ते मिरपेसेतवर ठेवलं. दोन दिवस शराव वाहिला आणि झाडाचा पापड झाला. “तू पाण्यानं घालवलीस, आम्ही उन्हानं. तुझ्या आजीनंही पहिली दोन घालवलीच होती, पत्रात तिनं तसं लिहिलं होतं. हे झाड काय मागतं ते आधी शिकावं लागतं.” तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. मग विचारते, “मग ते काय मागतं?”

तेच तुम्हालाही सांगतो. आफ्रिकन व्हायोलेट हे खरं म्हणजे व्हायोलेट नव्हेच. रंगावरून नाव पडलं एवढंच. त्याचं माहेर आफ्रिकेत, आजच्या टांझानिया देशातल्या उसांबारा डोंगरांत. तिथे १८९२ साली वॉल्टर फॉन सेंट पॉल नावाच्या एका जर्मन अंमलदाराला ते दिसलं. त्यानं ते जर्मनीला वडिलांकडे पाठवलं. वडिलांनी हॅनोव्हरच्या बागेतले वनस्पतिशास्त्रज्ञ हर्मान वेंडलांड यांना दाखवलं, आणि त्यांनी १८९३ साली त्याचं नाव ठेवलं ‘सेंटपॉलिया आयोनान्था’. आयोनान्था म्हणजे व्हायोलेटसारख्या फुलांचं. २०१५ पासून शास्त्रज्ञांनी त्याला ‘स्ट्रेप्टोकार्पस’ या मोठ्या कुळात घातलं आहे, पण घरोघरी जुनंच नाव चालतं. आपल्याकडे नाही का, कागदावर एक नाव आणि घरात हाक मारायचं दुसरं!

उसांबाराच्या जंगलात हे झाड मोठ्या वृक्षांच्या सावलीत, खडकांच्या फटीत, शेवाळात वाढतं. पाऊस पडतो, पण पाणी खडकावरून वाहून जातं, साचत नाही. मुळं बारीक, केसासारखी, त्यांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. कुंडीत रोज पाणी साचलं की मुळं गुदमरतात, कुजतात. आणि गंमत अशी, की मुळं कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं सुकल्यासारखी मलूल होतात. माणसाला वाटतं, तहानलं आहे. तो आणखी पाणी घालतो. नऊ वर्षांच्या मुलीची यात चूक ती काय?

सातवं झाड आम्ही कुंडीतून अलगद काढलं. बुंधा मऊ पडून काळा झाला होता, त्याला काही इलाज नव्हता. पण वरची तीन पानं अजून टणक होती. आम्ही म्हटलं, “पुरे आहेत तीन.” पोरगी बघतच राहिली. पानापासून झाड होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पद्धत सोपी आहे, आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन जरूर करून पाहावी. निरोगी पान देठासकट घ्यायचं. धारदार, स्वच्छ सुरीनं देठ तिरका कापायचा, पानाखाली दोन-अडीच सेंटिमीटर ठेवायचा. छोट्या कपात भुसभुशीत मिश्रण भरायचं, म्हणजे नारळाचा भुसा आणि पर्लाइट. साधी बागेची चिकट माती नको. मिश्रण पिळलेल्या फडक्याइतकं ओलं असावं. त्यात देठ तिरका खोचायचा, वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालायची आणि कप उजेडात पण उन्हाबाहेर ठेवायचा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, देठाच्या पायथ्याशी इवलीइवली पिल्लं निघतात. ती थोडी मोठी झाली की वेगळी लावायची. फुलांसाठी जवळजवळ वर्षभर वाट पाहायची तयारी हवी.

तीन कप भरून खिडकीत ठेवले. पोरीनं प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली आणि देवनागरीत लिहिलं, ‘आजि १’, ‘आजि २’, ‘आजि ३’. वेलांटी चुकली होती, आम्ही तशीच राहू दिली.

त्याच दिवशी ताईंचा खण आवरताना एक चिनी मातीची चिमुकली बाटली सापडली. वर जांभळी फुलं रंगवलेली आणि ‘डेव्हन व्हायोलेट्स’ असं नाव. आत काही नव्हतं, पण बूच काढलं तर मंद, गोड वास आला. पोरीनं ती बाटली नाकाला लावली आणि मग आमच्या हातातून तिनं ती परत घेतलीच नाही, असं नाही. ती घेतली आणि पुन्हा दिलीच नाही! “आजीसारखा वास येतो,” म्हणाली. मग खिडकीतल्या पानांचा वास घेऊन पाहिला. त्यांना वास नाही. “मग हा वास कोणाचा?”

हा वास खऱ्या व्हायोलेटचा, सुवासिक व्हायोलेटचा. शास्त्रीय नाव ‘व्हायोला ओडोराटा’. आणि आता मघाची राहिलेली गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी खोकला झाला की आजी काष्ठौषधीच्या दुकानातून बनफ्शा आणायला पाठवायची. वाळलेली, चुरगळलेली जांभळट फुलं, पुडीत बांधलेली. ज्येष्ठमध घालून त्यांचा काढा व्हायचा आणि नाक दाबून प्यावा लागायचा. तो बनफ्शा म्हणजेच सुवासिक व्हायोलेट. युनानी वैद्यकात हे औषध जुनं आहे. म्हणजे ज्या फुलाला आम्ही परदेशी समजत होतो, ते आमच्या पोटात कधीच जाऊन आलं होतं. हे ऐकून पोरगी खो-खो हसली.

भाची म्हणाली, आई-बाबा दोघं लग्नानंतर डेव्हनला समुद्रावर गेले होते, बाटली तिथलीच असणार. मग ठरलंच. मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघं पॅडिंग्टन स्टेशनवरून गाडीत बसलो आणि डॉलिशला निघालो.

डॉलिश हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यातलं समुद्राकाठचं छोटं गाव. लंडनहून जवळजवळ तीन तास लागतात. एक्सेटर सोडलं की डाव्या हाताच्या खिडक्या अडवून बसावं. आधी एक्स नदीची रुंद खाडी लागते, मग एकदम समुद्रच. रूळ आणि पाणी यांच्यामध्ये नुसती एक भिंत! डाव्या बाजूला लाटा, उजव्या बाजूला तांबडेलाल कडे. आमच्या तोंडून एकदम निघालं, “अगं, ही तर कोकणातली माती!” हा लोहमार्ग ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरनं आखला आणि १८४६ साली सुरू झाला. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात डॉलिशजवळची भिंत वाहून गेली, रूळ झोपाळ्यासारखे हवेत लोंबकळत राहिले आणि गाड्या सुमारे दोन महिने बंद होत्या. आता तिथे नवी, आधीपेक्षा उंच भिंत आहे.

गावाच्या मधून एक ओढा वाहतो. त्यात काळे हंस पोहतात, लाल चोचीचे. हे हंस मूळचे ऑस्ट्रेलियातले, पण आता गावाची ओळखच झाले आहेत. बाहेरून आलेले कुठे कसे रुजतील, सांगता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डॉलिशच्या आसपासच्या उतारांवर व्हायोलेटची शेतं होती. इथली हवा इंग्लंडच्या मानानं उबदार, थंडी बेताची, त्यामुळे ऐन हिवाळ्यात, दुसरं काही फुलत नसताना, इथे फुलं मिळायची. आणि स्टेशन हाताशी. बायका गार हातांनी फुलं खुडायच्या, जुड्या बांधायच्या, प्रत्येक जुडीभोवती व्हायोलेटचीच हिरवी पानं लावायच्या, पाण्यात ठेवायच्या आणि खोक्यांत भरून लंडनच्या गाडीत चढवायच्या. हे वाचताना आम्हाला वसई डोळ्यांसमोर आली. वसई-विरारकडची सोनचाफ्याची, मोगऱ्याची फुलं पहाटेच्या लोकलनं दादरच्या फूलबाजारात यायची, तसंच हे. फूल कुठलंही असो, त्याला गाडी वेळेवर मिळाली तरच त्याचे पैसे होतात.

१९३० च्या दशकात हा धंदा भरात होता. मग दुसरं महायुद्ध आलं. फुलांच्या जमिनीत बटाटे, भाजीपाला लावावा लागला. युद्धानंतर मजुरी वाढली, कोटाला व्हायोलेटची जुडी लावायची पद्धत गेली आणि शेतं एकेक करून मोडली. डॉलिशजवळच्या होलकम इथे ग्रेस झाम्ब्रा नावाच्या बाईंनी व्हायोलेटची मोठी लागवड केली होती आणि त्यावर पुस्तकही लिहिलं होतं. आज त्या उतारांवरून फिरलं तर घरं दिसतात, कुरणं दिसतात. फुलांची शेतं नाहीत.

पोरगी हिरमुसली. आम्ही गावाबाहेरच्या एका अरुंद गल्लीनं चढण चढू लागलो. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, वर कुंपणाची झुडपं. आमचे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून टेकलो, आणि टेकलो म्हणूनच दिसलं. बांधाच्या पायथ्याशी, बदामी आकाराच्या पानांखाली, माना खाली घालून सात-आठ जांभळी फुलं! पोरगी तिथेच ओल्या गवतावर पालथी पडली. वास घेतला. “तोच!” म्हणाली. पुन्हा घेतला. “गेला! वास संपला!”

वास संपला नव्हता. मुलांनो, या फुलाची ही एक गंमत आहे. त्याच्या वासात ‘आयोनोन’ नावाची द्रव्यं असतात. ती नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींना थोडा वेळ गप्प करतात. मग वास येईनासा होतो. जरा थांबलं की पेशी जाग्या होतात आणि वास परत येतो. १८९३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हे आयोनोन कारखान्यात बनवण्याची रीत काढली आणि तेव्हापासून व्हायोलेटचं अत्तर स्वस्त झालं. ताईंची ती बाटली परवडणारी झाली ती त्यामुळे.

“एक रोप उपटून नेऊ?” पोरीनं विचारलं. आम्ही नाही म्हटलं. जमिनीच्या मालकाला न विचारता रानातलं रोप मुळासकट उपटायला इंग्लंडमध्ये कायद्यानं बंदी आहे, १९८१ पासून. आणि कायदा नसता तरी ज्यानं बांधावर जीव धरला आहे त्याला कशाला हलवावं? ज्याला हवं त्यानं रोपवाटिकेतून घ्यावं. डॉर्सेट परगण्यात ब्रिडपोर्ट गावी ग्रोव्ह्ज कुटुंबाची १८६६ सालापासूनची रोपवाटिका आहे. सुवासिक व्हायोलेटच्या जुन्या जातींचा राष्ट्रीय संग्रह सांभाळण्यासाठी ती प्रसिद्ध आहे. अशा संग्रहांची योजना बागवानांच्या एका संस्थेनं चालवली आहे. ती संस्था १९७८ साली स्थापन झाली, आज तिला ‘प्लांट हेरिटेज’ म्हणतात.

संग्रह कशाला लागतो? कारण ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’सारखी नावाजलेली जात बी पेरून जशीच्या तशी येईलच असं नाही. या झाडाला स्ट्रॉबेरीसारखे जमिनीवरून धावणारे फुटवे येतात. तो फुटवा मूळ धरला की तोडून दुसरीकडे लावायचा, तरच ती जात टिकते. म्हणजे कोणी तरी लावली, कोणी तरी मागितली, कोणी तरी दिली, असं चालू राहिलं पाहिजे. एका पिढीनं हात आखडला की जात गेली. ‘गव्हर्नर हेरिक’ नावाची एक जात होती. फुलं मोठी, लाल कोळ्याच्या किडीला दाद न देणारी, म्हणून शेतकऱ्यांनी ती पुष्कळ लावली. पण तिला वास जवळजवळ नव्हताच. लोक जुडी विकत घ्यायचे, नाकाला लावायचे आणि नाराज व्हायचे. टिकाऊपणा मिळाला, पण ज्यासाठी फूल घ्यायचं तेच गेलं. हे ऐकून भाची एकदम म्हणाली, “मामा, माझं मराठी तसंच झालंय. टिकलंय, पण आईसारखा वास नाही.” आम्ही दोघं काही बोललो नाही. तिचं मराठी चांगलं आहे. पण ती काय म्हणते ते आम्हाला कळलं.

लंडनला परतल्यावर एक दिवस कॉव्हेंट गार्डनला गेलो. डेव्हनची व्हायोलेट उतरायची ती याच बाजारात. १९७४ साली फूलबाजार तिथून नाइन एल्म्स इथे हलला. आता जुन्या इमारतीत दुकानं आणि खाण्याची ठिकाणं आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी पु. ल. देशपांड्यांचं ‘ती फुलराणी’ पाहिलं असेल त्यांना भक्ती बर्वे यांची मंजुळा आठवत असेल. ते नाटक बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून घेतलेलं. मूळ नाटकातली फूलवाली पावसात याच कॉव्हेंट गार्डनला उभी असते, आणि पहिल्याच प्रवेशात एका तरुणाच्या धक्क्यानं तिची फुलं चिखलात पडतात. ती फुलं म्हणजे व्हायोलेटच्या जुड्या. आम्ही तिथल्या खांबांखाली उभे राहून पोरीला ही गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, “मग तिला पैसे मिळाले का?” मिळाले, म्हटलं. तिचं समाधान झालं.

इकडे खिडकीतल्या तीन कपांचं काय चाललं होतं? रोज सकाळी उठल्याबरोबर पोरगी तिथे. मूळ आलं का, मूळ आलं का? आठव्या दिवशी तिनं हळूच ‘आजि २’ उपटून पाहिलं आणि रडवेल्या तोंडानं आम्हाला येऊन सांगितलं. आम्ही ते परत खोचलं, पण ते काही जगलं नाही. आठवड्याभरात कुजलं. या वेळी मात्र ती “मी मारलं का” असं म्हणाली नाही. म्हणाली, “आता कळलं. बघायचं, पण उपटायचं नाही.”

मग आम्ही तिला आठवड्याचे नियम लिहून दिले, मराठीत. तुमच्यासाठी तेच इथे देतो. पाणी देण्याआधी बोट लावून पाहायचं. माती वरून कोरडी लागली तरच पाणी. पाणी कोमट असावं, थंड पाण्यानं पानांवर डाग पडतात. वरून ओतण्यापेक्षा बशीत पाणी घालून कुंडी त्यात वीस-तीस मिनिटं ठेवायची, उरलेलं पाणी फेकून द्यायचं. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. लंडनमध्ये पूर्वेची खिडकी चांगली, आपल्याकडे इस्राएलमध्ये उन्हाळ्यात पातळ पडदा हवाच. हवा अठरा ते चोवीस अंशांच्या दरम्यान असली की झाड खुशीत असतं. मझगनचा थंड झोत अंगावर येऊ देऊ नये. कुंडी लहानच घ्यावी, झाडाच्या घेराच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. मोठ्या कुंडीत ओल साचते. दर आठवड्याला कुंडी पाव फिरवावी, म्हणजे झाड एका अंगाला झुकत नाही. वाळलेली फुलं-पानं काढत राहावीत. पानांवर धूळ बसली तर मऊ ब्रशनं झटकावी.

पोरीनं तो कागद मोठ्यानं वाचला. ‘तिसरा हिस्सा’ अडला, ‘झोत’ अडला, ‘झुकत नाही’ हे तिला फार आवडलं. कागद तिनं खिडकीशेजारी चिकटवला.

निघायची वेळ आली तरी दोन पानांच्या पायथ्याशी काहीच दिसत नव्हतं. आमची फार इच्छा होती की एक पान ओल्या कापसात गुंडाळून बरोबर आणावं. ताईंच्या खिडकीतलं काही तरी आपल्या घरात असावं. पण परवान्याशिवाय आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय झाडं इस्राएलमध्ये आणता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पानाबरोबर कीडही येते. म्हणून हात हलवत आलो. विमानतळावर पोरीनं आम्हाला ती चिनी मातीची बाटली द्यायला काढली. आम्ही तिची मूठ मिटवून म्हटलं, “ती तुझ्याकडेच राहू दे. आमच्याकडे पत्रं आहेत.”

जूनमध्ये फोनवर फोटो आला. ‘आजि १’च्या पायथ्याशी उंदराच्या कानाएवढी चार पानं. ‘आजि ३’ला जुलैत आली. या फेब्रुवारीत पहिली कळी उमलली. सातांपैकी कोणतं झाड ते शेवटपर्यंत जगलं होतं, हे कोणाच्याच लक्षात नव्हतं. फूल आलं तेव्हा कळलं. पांढरं, निळ्या कडेचं. फोटोखाली पोरीनं मराठीत लिहिलं होतं, ‘आता मी पाणी विचारून देते.’ पिल्लांतलं एक तिनं वर्गातल्या मैत्रिणीला दिलं आणि नियमांच्या कागदाचं इंग्रजी भाषांतरही करून दिलं.

आम्हीही शेजारणीकडून एक पान मागून घेतलं आहे. ताईंच्या जातीचं नाही, साधं जांभळं आहे. मिरपेसेतवर नाही, आत स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आहे, पडद्याआड. सहा आठवडे झाले. अजून काही दिसत नाही. उपटून पाहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणाकडे आफ्रिकन व्हायोलेट असेल तर एक पान एखाद्या मुलाच्या हातात द्या, आणि पाणी कसं द्यायचं ते आपल्या भाषेत सांगा. सर्वांना शालोम.